जांभळ्या पापण्या

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही वही मी कवितांसाठी बांधली होती. कटिंगमधून उरलेले कोरे कागद, आत निळं अस्तर, पाठीला जुन्या पडद्याचं कापड. शाळेत पाठ केलेल्या कविता आठवतील तशा उतरवून काढायच्या असा बेत होता. आज पहिली ओळ लिहायला टाक उचलला, पण डोळ्यांपुढे हिचे हातच येत राहिले. तेव्हा आधी त्याबद्दल लिहितो.

हिच्या बोटांच्या सांध्यांवर लालसर-जांभळे चट्टे उठले आहेत. एकेका सांध्यावर नेमका एकेक, कुणी मोजून ठेवल्यासारखा. वर पापुद्रा धरतो, मग भेगा पडतात. बेचाळीस वर्षं आम्ही दोघं या दुकानात पुस्तकं बांधतो. ही पानांच्या घड्या शिवून पाठीला खळ लावते, मी पुठ्ठा चढवतो. आता शिवताना दोरा त्या भेगांवरून जातो आणि ही ओठ आवळते.

दोष माझा आहे. डिसेंबरात एका शाळेचं ग्रंथालय दुरुस्तीला आलं. दोनशे पुस्तकं, त्यातली निम्मी कसरीने खाल्लेली. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायची आमची रीत. या खेपेला कसर पाहून मी धास्तावलो आणि दुप्पट घातलं. त्याच खळीत ही दोन महिने बोटं बुडवते आहे.

"अहो, खळीचं नाही हे," ही म्हणाली.

"मग कशाचं आहे?"

"ते कळलं असतं तर दवाखाना नसता का काढला मी? तुमच्या खळीत कशाला हात घालत बसले असते?"

ती हसली. मला हसू आलं नाही. मोरचूद विष आहे. मी बायकोला विष चारलं, तेही कातडीवाटे. खळीचं अख्खं पातेलं मागच्या मोरीत ओतलं. पाणी निळसर झालं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" हिने तोंड उघडायच्या आत मीच सगळं सांगून टाकलं. खळ, कसर, मोरचूद किती घालतो, या वेळी किती घातलं. कबुलीजबाबच दिला म्हणा ना. डॉक्टर मान हलवत ऐकत होते. म्हणाले, "अहो, मग निदान तुम्हीच केलंत की!" मलम दिलं, रबरी हातमोजे वापरायला सांगितले आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

उठता उठता ही काहीतरी दंडांबद्दल बोलायला लागली. मी म्हटलं, "आधी बोटांचं तर होऊ दे, बाई. बाहेर माणसं खोळंबलीत." ती पिशवी उचलून दाराकडे निघाली.

घरी येताना जरा हलकं वाटलं. गुन्हा कबूल केल्यावर शाळेत वाटायचं तसं. छडी बसायची ती बसायची, पण पोटातली भीती जायची.

रविवार, २३ फेब्रुवारी

बोटं थोडी फिकी झाली. पण आता पापण्यांवर रंग आला आहे. दोन्ही पापण्यांवर सारखाच, फिकट जांभळा. सूर्य गेल्यावर आकाशाच्या कडेला घटकाभर राहतो आणि रंगपेटीत ज्याची वडी कधीच सापडत नाही, तो हा रंग. चौथीत आम्हाला संध्याकाळची एक कविता होती. ती शिकवताना गुरुजी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत राहायचे. आज हिच्याकडे बघून मला ते गुरुजी आठवले.

"या वयात पापण्या रंगवायला लागलीस की काय?" मी म्हटलं.

"तुम्हाला कविता सुचतेय, मला खाज सुटलीय," ही म्हणाली.

आणखी एक. परवापासून केस मी विंचरून देतो. तिनेच फणी माझ्या हातात दिली. "हात भरून येतात हो वर धरले की." लग्नाच्या पहिल्या वर्षी मी असा हट्ट करायचो आणि ती लाजून फणी हिसकावून घ्यायची. आता बेचाळीस वर्षांनी आपणहून पाठ करून बसते. वेणी माझी वाकडीच येते. पुस्तकाची पाठ सरळ येते, बायकोची वेणी येत नाही.

स्वयंपाकघरही तिने नव्याने लावलं आहे. चहाचा डबा, साखर, कपबशा, सगळं वरच्या फळ्यांवरून उतरवून कमरेच्या उंचीला आणलं. वरच्या फळ्या रिकाम्या. संसार नव्याने मांडल्यासारखं वाटलं. मी तिचं कौतुक केलं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

दिवस चांगला गेला.  

गुरुवार, ६ मार्च

आज ती शिवायच्या बुटक्या स्टुलावरून उठेना. मला वाटलं, गंमत करते आहे. "हात द्या हो," म्हणाली. मी हात दिला तर सगळा भार माझ्यावर आला. पाय तिचे नव्हतेच जणू. उभी राहिल्यावर आम्ही दोघंही हसलो. तिचं हसू आधी थांबलं.

चहाचा घोटही तिला सावकाश घ्यावा लागतो. "वय झालं," असं मी म्हटलं. वय माझंही झालं आहे. मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. मी उठतो की.

दुपारी पुठ्ठे कापताना एक गोष्ट डोक्यात आली आणि सुरी खाली ठेवावी लागली. माझे हात त्याच खळीत होते. तिच्याहून जास्तच. माझ्या हातांवर साधा फोडही नाही. शिवाय गेला महिनाभर खळीत मोरचूद नाही, तिच्या हातांत मोजे आहेत, आणि चट्टे पुन्हा गडद झाले आहेत. आता मानेवर आणि खांद्यांवरही लाली आहे. पापण्यांना तर मी मोरचूद लावलं नव्हतं.

म्हणजे दोष माझा नाही.

हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट हातपाय गार पडले. माझा अपराध होता तोवर मला शत्रूचा पत्ता ठाऊक होता. पातेलं ओतून दिलं की तो जाणार होता. आता तो कुठे आहे?

लेकीला फोन केला. नुसतं म्हटलं, "सवड काढून येऊन जा."

सोमवार, १० मार्च

लेक सकाळी आली. उंबरठ्यातच तिने आईकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"आई, हात वर कर."

"आल्या आल्या कवायत कसली?"

"कर ना गं."

हिने हात उचलले. ते खांद्यापर्यंत आले आणि थरथरून खाली गेले. लेक माझ्याकडे वळली. "बाबा, हे कधीपासून? तिचं वजन बघा! डोळे बघा! एका घरात राहता, तुम्हाला दिसलं नाही?"

दिसलं होतं. मला ते सुंदर दिसलं होतं. पण हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

"त्यांना नको बोलूस," ही म्हणाली. "रोज माझी वेणी घालतात."

"ही वेणी आहे?" लेक म्हणाली आणि रडायला लागली. मग ही तिची समजूत काढायला लागली. मी मध्येच उभा, दोघींच्या कामाचा नाही. दुकानात जाऊन उगीच रिकामं दाबयंत्र आवळत राहिलो.

गुरुवार, १३ मार्च

मोठं इस्पितळ. दुसरा मजला, त्वचारोग. डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतो?" मी सुरुवात केली, "त्याचं असं आहे, डिसेंबरात आम्ही—"

"काका, तुम्ही जरा थांबा हं. काकूंना बोलू द्या."

मग ही बोलली. मी ऐकत राहिलो. बोटांच्याही आधी दंड दुखायला लागले होते. वरच्या फळीवरचा डबा काढता येईना म्हणून सगळं खाली आणलं. जिना चढताना कठड्याला ओढून वर यावं लागतं. दोन महिने पोट भरल्यासारखं वाटतं, चार घास खाल्ले की पुरे. चपलेत पाय घालताना भिंत धरते. एवढं सगळं माझ्या घरात चाललं होतं आणि मी दुसऱ्याच कुठल्यातरी घरात राहत होतो.

"आधी कुणाला सांगितलं नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सांगणार होते," ही म्हणाली आणि माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही. त्या न पाहण्याने मी मेलो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांपुढे मी तिचं वाक्य तोडलं होतं. बाहेर माणसं खोळंबली होती म्हणे!

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून नखांच्या कडा पाहिल्या. हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. उठता आलं नाही. मग त्या समजावून सांगू लागल्या. हा त्वचेचा आणि स्नायूंचा दाह आहे, शरीर आपल्याच अंगाशी भांडतं आहे, त्याला औषध आहे. इथवर मी मान हलवत होतो. "पण या वयात हे नव्याने सुरू झालं की आम्हाला एक शंका घ्यावी लागते. कधी कधी आत कुठेतरी काहीतरी वाढत असतं आणि त्वचा त्याची आधी खबर देते. सगळ्यांच्या बाबतीत नाही. पण शोधल्याशिवाय सोडायचं नाही."

"कॅन्सर?" लेकीने विचारलं.

"तो नाही ना, हेच बघायचंय."

समोर माणसाच्या कातडीचं मोठं चित्र होतं, थरावर थर. मी ते थर मोजत बसलो. पुन्हा पुन्हा मोजले. दर वेळी आकडा वेगळा आला.

रिक्षात ही म्हणाली, "बाई चांगली आहे. नीट ऐकून घेते."

बुधवार, १९ मार्च

गोळ्या सुरू झाल्या. छातीचं चित्र स्वच्छ. स्तनांची तपासणी स्वच्छ. कातडीचा तुकडा काढला त्यात दाहच आहे, दुसरं काही नाही. एकेक कागद हातात येतो तेव्हा निकालाच्या दिवशी मास्तर नाव पुकारायचे तसं होतं. कानात घों घों, आणि आपलं नाव येऊन गेलं तरी कळत नाही.

आता पोटाचा स्कॅन राहिला. शनिवारी सकाळी नऊला.

पापण्यांचा रंग उतरतो आहे. आज तिने पाण्याचा तांब्या एका हाताने उचलला. मग कशाला खोदायचं? बरं होत असलेलं माणूस आहे. शोधायला गेलं की सापडतं. कसरीचंही तसंच, पुस्तक मिटून ठेवलं तर वरून धड दिसतं.

शुक्रवार, २१ मार्च

आज मी फार वाईट काम केलं. लेक चार दिवसांसाठी तिच्या घरी गेली आहे. मी तिला फोन करून सांगितलं की इस्पितळातलं यंत्र बिघडलंय, स्कॅन पुढच्या महिन्यात. हिलाही तेच सांगितलं. कुणाचाही फोन आला नव्हता. तारखेची चिठ्ठी माझ्या खिशात आहे. शनिवार उलटून गेला की मग बघू, एवढाच विचार. त्यापुढे विचार जात नाही.

ही म्हणाली, "बिघडलं का? बरं."

दिवसभर माझ्याशी गोड वागली. मला तेही सोसवेना.

शनिवार, २२ मार्च

सकाळी आठ वाजता बाहेर आलो तर ही बाहेरच्या बाकावर तयार बसलेली. मांडीवर पिशवी. पिशवीत सगळे रिपोर्ट, टॉवेल, पाण्याची बाटली. वेणी स्वतःच घातली होती, अर्धवट.

"कुठे निघालीस?"

"यंत्र बघायला. दुरुस्त झालं असेल."

माझे पाय लटपटले. "तुला कसं कळलं?"

"खोटं बोललात की तुम्ही पुस्तकातलं बोलता. 'यंत्रात तांत्रिक बिघाड उद्भवला आहे.' असं कोण बोलतं घरात?"

मी खाली बसलो. म्हटलं, "सापडलं तर?"

"सापडलं तर सापडलं. मला कालच ओरडायचं होतं तुमच्यावर. म्हटलं, एक दिवस घेऊ दे यांना. घेतलात ना? आता उठा. नऊची वेळ आहे. आणि मला हात द्या, बाक खाली आहे."

मी हात दिला. गेलो. ती आत गेली आणि जाड दार मिटलं. दारावरचा लाल दिवा लागला. पाठ असलेली एखादी कविता मनात म्हणावी म्हटलं. साठ वर्षं जिभेवर असलेल्या कविता, त्यातली एकही आली नाही.

गुरुवार, २७ मार्च

सापडलं.

डाव्या अंडाशयात, बोराएवढं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. मला करड्यात करडं दिसलं. त्या म्हणाल्या, "लहान आहे. आजूबाजूला पसरलेलं दिसत नाही. एरवी हा आजार कळतो तेव्हा बहुतेकदा फार उशीर झालेला असतो. काकूंच्या कातडीने वेळेत सांगितलं." ऑपरेशन आठ तारखेला, दुसरे सर्जन करतील.

म्हणजे तो शनिवार मी जाऊ दिला असता तर. हे वाक्य पुरं करवत नाही.

लेकीला सगळं सांगितलं, खोट्यासकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आई जेवली का?" तेवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, ८ एप्रिल

साडेसातला नेलं. स्ट्रेचरवरून ही म्हणाली, "शाळेचे शेवटचे बारा खंड शिवून ठेवलेत. पुठ्ठे चढवून टाका, नुसते बसू नका."

आम्ही नुसतेच बसलो. लेक माझ्या डाव्या हाताला. समोर भिंतीवर घड्याळ. अकरा. साडेअकरा. कुणी हिरव्या कपड्यात बाहेर आलं की सगळा बाक उभा राहायचा आणि ज्याचं नाव नसेल तो खाली बसायचा. मी सात वेळा उभा राहिलो.

आठव्यांदा आमचं नाव आलं. सर्जन म्हणाले, "काढलं. बाकी पोट स्वच्छ दिसतंय. प्रयोगशाळा काय म्हणते ते दहा-बारा दिवसांत कळेल." लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की हाड वाजलं. मला आनंद झाला की काय झालं, ठाऊक नाही. 

सोमवार, २१ एप्रिल

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, अंडाशयातच होता, बाहेर गेलेला दिसला नाही. तरी खबरदारी म्हणून केमोचे काही डोस घ्यायचे. मग दर तीन महिन्यांनी तपासणी, पाच वर्षं तरी.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "कातडीवर लक्ष ठेवा, काका. पुन्हा तो रंग दिसला की वाट बघायची नाही, सरळ यायचं."

आता हे काम माझं. रोज सकाळी हिला खिडकीशी बसवतो. आधी बोटं, मग मान, खांदे, शेवटी पापण्या. कालच्याशी आज ताडून बघतो. ही कंटाळते. "बायकोकडे बघावं तसं बघा की एकदा. गिऱ्हाइकाचं पुस्तक घेतल्यासारखं काय उलटंपालटं करता?"

पण मला तसं बघताच येत नाही. तो रंग आता मला आकाशातही नको झाला आहे. संध्याकाळी मी दुकानाचं दार लवकर ओढून घेतो.

शुक्रवार, १६ मे

आज सकाळी ही खिडकीशी बसली. दोन्ही पापण्या लाल. सुजलेल्या. खालचीही कड लाल.

मी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. एक पापणी अंगठ्याने ओढून पाहिली, मग दुसरी. तिने माझं मनगट धरलं.

"परत आलं," मी म्हटलं. "कपडे कर. आत्ताच्या आत्ता जाऊ. कधीपासून आहे हे? काल नव्हतं. काल मी नीट बघितलं होतं. खाजतंय का? हात वर कर बघू."

"अहो."

"हात वर कर आधी!"

तिने दोन्ही हात सरळ वर केले, डोक्याच्याही वर, आणि तसेच धरून ठेवले. "रडले हो मी," ती म्हणाली. "रडूही नको का?"

मला कळायला वेळ लागला. मग इतकं सुटल्यासारखं झालं की मी चक्क हसलो. "रडलीस होय! नुसती रडलीस! मला वाटलं—" आणि तिचा चेहरा बघून हसू अर्ध्यातच राहिलं.

"कधी रडलीस?"

"तुम्ही दूध आणायला गेलात की. रोजच. आज तुम्ही लवकर आलात, तोंड धुवायला सवड मिळाली नाही."

रोजच. फेब्रुवारीपासून मी या वहीत भीती लिहितो आहे. पानं चाळून पाहिली, सगळी माझीच भीती. मी घाबरलो, मी गार पडलो, माझे पाय लटपटले. तिच्या नावावर सगळे विनोद आहेत.

"तुला भीती वाटते?" मी विचारलं. एवढ्या महिन्यांत हे मी पहिल्यांदा विचारत होतो.

"वाटते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"एका वेळी एकानेच घाबरावं म्हटलं. तुमचा नंबर संपेचना."

मी तिचे हात खाली घेतले. ते अजून वरच होते. तिच्या शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर जागा करून बसलो. म्हटलं, "सांग, कशाची वाटते." आणि या वेळी मध्ये बोललो नाही. तिला बरंच सांगायचं होतं. सलाइनची सुई, केस, पुढची तपासणी, लेक, मी एकटा राहिलो तर चहा कसा करीन. काही गोष्टी माझ्याही होत्या त्यात, काही मला सुचल्याही नव्हत्या, आणि त्या जास्त भयंकर होत्या.

मग आम्ही दोघं मिळून घाबरलो. दुकान उघडायला अकरा वाजले.